पहिल्या धड्यातला हरलेला आराखडा

काशी हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरच्या भागाला वाराणसीत ‘लंका’ म्हणतात. तेथून दुर्गाकुंड आणि भेलूपूरकडे जाताना स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांच्या पाट्यांमध्ये संगणक-प्रशिक्षणाच्या पाट्याही दिसतात. नेटवर्किंगचा प्राथमिक वर्ग तेथे जसा सुरू होतो तसाच तो पुण्यात, नागपुरात किंवा जगात कोठेही सुरू होतो. फळ्यावर एकाखाली एक सात चौकटी काढल्या जातात. सर्वांत खाली फिजिकल, तिच्यावर डेटा-लिंक, मग नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि माथ्यावर ॲप्लिकेशन. क्रम लक्षात राहावा म्हणून ‘ऑल पीपल सीम टू नीड डेटा प्रोसेसिंग’ हे इंग्रजी वाक्य घोकले जाते. ज्याला इंग्रजी वाक्यच नीट उमगत नाही, त्याच्यावर घोकंपट्टीचे ओझे दुप्पट होते.

या सात चौकटींना ओएसआय प्रतिमान म्हणतात. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. ज्या संचासाठी हा आराखडा आखला गेला, तो संच आजचे इंटरनेट चालवत नाही. एका दीर्घ तांत्रिक आणि राजकीय स्पर्धेत तो हरला. जिंकलेल्या टीसीपी/आयपी या संचाचे स्तर चारच मानले जातात आणि सेशन व प्रेझेंटेशन या दोन चौकटींना त्यात स्वतंत्र स्थान नाही. तरीही कॉम्पटियाच्या ‘नेटवर्क प्लस’ या परीक्षेच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पहिलाच मुद्दा सात स्तरांचा आहे आणि सिस्कोच्या ‘सीसीएसटी’ या प्रवेशस्तरीय परीक्षेतही दोन्ही प्रतिमाने विचारली जातात. हरलेल्याचा आराखडा जिंकलेल्याच्या शाळेत पहिला धडा कसा झाला, याचा इतिहास उद्बोधक आहे. त्याचा एक मोठा भाग भारतात, त्यातही मुंबईत, घडला.

१९७० च्या दशकात प्रत्येक मोठ्या संगणक कंपनीचे स्वतःचे जाळे होते. आयबीएमने १९७४ मध्ये ‘एसएनए’ ही रचना आणली. योगायोग असा की तिच्यातही सातच स्तर होते. एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकत नसे. ग्राहक एकदा एका दारात शिरला की त्याला बाहेर पडणे कठीण. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७७ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद हनीवेल कंपनीतील चार्ल्स बॅकमन यांच्याकडे होते, तर स्तररचनेचे सुस्पष्ट विवेचन करणारा १९८० चा प्रसिद्ध शोधनिबंध फ्रान्सचे ह्युबर्ट झिमरमन यांचा. १९८४ मध्ये आयएसओ ७४९८ या क्रमांकाने हे प्रतिमान अधिकृत मानक झाले. कल्पना मोठी देखणी होती. प्रत्येक स्तराने आपले एकच काम करावे, वरच्याकडून मजकूर घ्यावा, त्यावर आपले पाकीट चढवावे आणि खालच्याकडे सोपवावा. पलीकडच्या यंत्राने ती पाकिटे उलट क्रमाने उघडावीत. मग तार बदलली तरी पत्रव्यवहार बदलत नाही आणि पत्रव्यवहाराचा प्रकार बदलला तरी तार बदलावी लागत नाही.

याच काळात अमेरिकेत दुसरी वाट तयार होत होती. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत उत्क्रांत होऊन टीसीपी/आयपी झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या संशोधन-जाळ्याने ती स्वीकारली. त्याच वर्षी बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीबरोबर तिची चालती आज्ञावली विद्यापीठांच्या हाती पडली. तिची दस्तऐवजे फुकट मिळत. आयएसओची मानके विकत घ्यावी लागत. कागदावर मात्र सरकारांचा कल आयएसओकडे होता. खुद्द अमेरिकन सरकारने १९९० मध्ये आपल्या खात्यांच्या खरेदीसाठी ओएसआयची सक्ती केली. १९८० च्या दशकात एखाद्या जाणत्या अभियंत्याला ‘भविष्य कोणाचे?’ असे विचारले असते, तर उत्तर ओएसआय असेच येण्याची शक्यता अधिक होती.

भारताने जाळी विणायला घेतली ती नेमकी या संभ्रमाच्या काळात. सीएमसी या सरकारी कंपनीचे १९८६ मधील ‘इंडोनेट’ आयबीएमच्या एसएनए रचनेवर उभे होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडत होते. आणि १९८६ मध्येच इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे हाती घेतले. त्यात आरंभी आठ सहभागी होते: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी आणि दिल्लीतील खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

वाराणसी या आठांत नव्हती. काशी हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण १९१९ पासून होते. तीन महाविद्यालये एकत्र येऊन १९६८ मध्ये तंत्रज्ञान संस्थाही झाली होती. पण तिला आयआयटीचा दर्जा मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. पहिल्या वर्तुळात असणे आणि नसणे यांतला फरक केवळ ई-पत्र लवकर मिळण्याचा नव्हता. आठ संस्थांत जे तरुण अभियंते आणि विद्यार्थी होते, त्यांना जाळे उभे राहताना पाहायला मिळाले. मोडेम का अडला, पत्र मध्येच कोठे राहिले, दिल्लीचे यंत्र मुंबईच्या यंत्राला का ओळखत नाही, हे त्यांनी रात्री जागून शोधले. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र नव्हते, परीक्षा नव्हती, ‘प्राथमिक अभ्यासक्रम’ असा काही प्रकारच नव्हता. बाकीच्या देशाला हीच विद्या पुढे पुस्तकातून मिळाली.

एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-पत्रे जाऊ लागली, तेव्हा जुहू ते पवई हे अंतर संगणकांच्या दृष्टीने प्रथमच पार झाले. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली तेथूनच परदेशाशी दुवा जोडला गेला. या कार्यासाठी २०१४ मध्ये रमणी यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात पहिली भाड्याची कायम मार्गिका सुरू झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट. आज भ्रमणध्वनीवर काढलेले तीस लाख बाइटचे एक छायाचित्र त्या मार्गिकेवरून धाडायचे, तर बेचाळीस मिनिटे लागली असती आणि तेवढा वेळ दोन महानगरांतील बाकी सारे संशोधक खोळंबले असते.

अर्नेटच्या या मुख्य मार्गिकांवर ओएसआय आणि टीसीपी/आयपी हे दोन्ही संच शेजारी शेजारी चालत. हे धोरण दूरदृष्टीचे होते की निर्णय लांबणीवर टाकण्याचे, यावर वाद होऊ शकतो. शिक्षणाच्या दृष्टीने पाहता ते भाग्याचेच ठरले, कारण दोन भाषा एकाच तारेवर ऐकण्याची संधी जगात फार थोड्या प्रशिक्षणार्थींना मिळाली. १९९५ पासून मात्र जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले आणि त्याच वर्षी अमेरिकन सरकारनेही आपली ओएसआयची सक्ती सोडून दिली. स्पर्धा संपली होती.

येथे वाराणसी आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक धागा नोंदवण्याजोगा आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून काशी हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे चिरंजीव जयंत त्या विद्यापीठाच्या परिसरात वाढले आणि १९५७ मध्ये तेथूनच पदवीधर झाले. पुढे त्यांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभारली ती कोणा एका संस्थेसाठी नव्हे, तर देशभरच्या विद्यापीठांतील खगोलअभ्यासकांना सामायिक सोयी मिळाव्यात म्हणून. अर्नेटचे पुण्यातील केंद्र याच आयुकेत आले. विद्यापीठांच्या वाट्याला मोठ्या संस्थांची साधने येत नाहीत, ही उणीव ज्या संस्थेने प्रारंभीच हेरली होती, तिच्याच दारात जाळ्याचे टोक पोहोचले हे समर्पकच म्हणायचे. सर्वसाधारण विद्यापीठांसाठी मात्र व्यापक योजना यायला ‘यूजीसी-इन्फोनेट’ची, म्हणजे डिसेंबर २००२ ची, वाट पाहावी लागली आणि खऱ्या अर्थाने वेगवान असे राष्ट्रीय ज्ञान जाळे २०१० मध्ये मंजूर झाले.

तार उशिरा आली, पुस्तक आधी आले. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ १९८१ मध्ये प्रकाशित झाले. त्याची मांडणी स्तरागणिक होती: आधी खालचा स्तर, मग त्याच्या वरचा. स्वस्त भारतीय आवृत्तीमुळे ते अभियांत्रिकी महाविद्यालयांत घरोघरी म्हणावे इतके पोहोचले आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्याच्या प्रकरणांबरहुकूम बेतले गेले. ज्या गावात नेटवर्क पाहायलाही मिळत नव्हते, तेथे नेटवर्कचे सात स्तर पाठ असलेली पिढी तयार झाली. स्वतः टॅनेनबॉम यांनी पुढच्या आवृत्तीत मार्मिक निवाडा दिला आहे: ओएसआयचे प्रतिमान उपयोगी पण त्याचे संच निरुपयोगी, टीसीपी/आयपीची गोष्ट नेमकी उलट. आराखडा टिकला तो चालला म्हणून नव्हे, शिकवायला सोयीचा होता म्हणून.

प्रमाणपत्रे त्यानंतर आली. नोव्हेल कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या प्रणालीचे जाणकार प्रमाणित करायला सुरुवात केली. सिस्कोची कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील शाळांनी हौसेने नेटवर्क उपकरणे घेतली, पण ती सांभाळणारे कोणी नव्हते. तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनी शाळांतील शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच शिकवायला घेतले. त्यातून १९९७ मध्ये ‘नेटवर्किंग अकॅडमी’ निघाली आणि १९९८ मध्ये ‘सीसीएनए’ ही परीक्षा आली. १९९९ मध्ये कॉम्पटियाची ‘नेटवर्क प्लस’ आली. भारतात १९९० पासून ‘डोएक’ योजनेखाली ‘ओ’ ते ‘सी’ अशा पायऱ्यांची प्रमाणपत्रे दिली जात होती. त्याच परंपरेतील ‘नाइलिट’च्या ‘ओ’ पातळीच्या आजच्या अभ्यासक्रमात पहिल्या विषयाच्या नावातच ‘नेटवर्कची मूलतत्त्वे’ आहेत. उत्तर प्रदेशातील अनेक सरकारी भरत्यांत ‘सीसीसी’ किंवा ‘ओ’ पातळीच्या प्रमाणपत्राची अट असते. वाराणसीसारख्या शहरात, जेथे गाझीपूर, जौनपूर, चंदौली अशा जिल्ह्यांतून तरुण परीक्षांच्या तयारीसाठी येतात, तेथे या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. साहजिकच शिकवणीचा सारा भर परीक्षेत काय विचारतात यावर आणि परीक्षेत विचारतात ते सात स्तर.

पाठांतर हे काशीला नवे नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरातील महाराष्ट्रीय वैदिक घराण्यांनी घनपाठाची परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली. घनपाठात पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमाने म्हटली जातात. एखादे पद चुकले, तर पुढच्याच आवर्तनात ते खटकते. पुनरुक्तीच्या बळावर चूक पकडण्याचे हे तत्त्व आहे. त्यावरून प्राचीनांना संगणकशास्त्र ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. तो निष्कर्ष हास्यास्पद ठरेल. परंतु तुलना एका बाबतीत उपयुक्त आहे. घनपाठातील पाठांतर स्वतःची तपासणी स्वतः करते. ‘ऑल पीपल’च्या वाक्यात अशी काही सोय नाही. ट्रान्सपोर्ट आणि नेटवर्क यांची अदलाबदल झाली तर विद्यार्थ्याला काहीच खटकत नाही, कारण त्या शब्दांमागे घडलेली गोष्ट त्याला ठाऊक नसते.

पत्त्यांच्या धड्याचेही तसेच. १९८१ च्या मानकाने इंटरनेटचे पत्ते ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा वर्गांत विभागले. १९९३ मध्ये ती पद्धत मोडीत काढून वर्गरहित पद्धत आणली गेली, कारण मधल्या ‘बी’ वर्गाचे गठ्ठे वेगाने संपत होते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी प्राथमिक वर्गात वर्गांची कोष्टके पाठ करवली जातात. त्याऐवजी एकच खरे उदाहरण पुरेसे ठरेल. अर्नेटला १९९० मध्ये १४४.१६.०.० हा ‘बी’ वर्गाचा गठ्ठा मिळाला. त्यात ६५,५३६ पत्ते. ते आठ संस्थांना समान वाटायचे, तर आठ म्हणजे दोनाचा तिसरा घात. म्हणून तीन बिट बाजूला काढायचे. मूळचे सोळा आणि हे तीन मिळून एकोणीस, मास्क २५५.२५५.२२४.० आणि प्रत्येक भागात ८,१९२ पत्ते. पहिला भाग १४४.१६.०.० पासून, दुसरा १४४.१६.३२.० पासून, तिसरा १४४.१६.६४.० पासून. बंगळूर आणि खरगपूर येथील संस्थांची यंत्रे खरोखरच १४४.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर नांदली. सबनेटिंग नावाचा जो भाग विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, तो मुळात वाटणीचा व्यवहार आहे आणि शेताची वाटणी ठाऊक नसलेले घर पूर्वांचलात किंवा मराठवाड्यात सापडणे अवघड.

मग सात स्तर शिकवूच नयेत काय? वाराणसीतच घडलेली एक घटना याचे उत्तर देते. फेब्रुवारी २०१५ मध्ये गंगेच्या घाटांवर वाय-फाय सेवा सुरू झाली. घाटालगत प्रकाशतंतूंच्या केबली ओढण्यात आल्या. दोन महिन्यांच्या आत वृत्तसंस्थांनी बातमी दिली की घाटांवरच्या माकडांनी त्या केबली कुरतडून टाकल्या. दाट वस्तीच्या जुन्या शहरात केबली जमिनीखाली नेणे सोपे नव्हते आणि माकडांना मंदिरांच्या परिसरातून हुसकावणे तर त्याहून नाही.

अशा वेळी तक्रार येते ती ‘इंटरनेट चालत नाही’ एवढीच. संकेतस्थळ बिघडले, नामसेवा बंद पडली, पत्ता मिळाला नाही, राउटरला वाट ठाऊक नाही की तारच तुटली, हे त्या वाक्यातून कळत नाही. स्तर समजलेला नवशिका तंत्रज्ञ खालून सुरुवात करतो. उपकरणावरचा दिवा लागला आहे का? आपल्याच यंत्राला १२७.०.०.१ वर हाक मारली तर उत्तर येते का? जवळच्या राउटरकडून येते का? त्याच्या पलीकडून? पत्त्याने हाक पोहोचते पण नावाने नाही, असे तर नाही ना? चार-पाच प्रश्नांत तो शेकडो शक्यता बाद करतो आणि उरलेल्या एका शक्यतेपाशी, म्हणजे घाटावरच्या कुरतडलेल्या केबलीपाशी, जाऊन उभा राहतो. जगभरचे तंत्रज्ञ अशा बिघाडाला ‘पहिल्या स्तराचा दोष’ म्हणतात. वापरणाऱ्या माणसाच्या चुकीला ते थट्टेने ‘आठवा स्तर’ म्हणतात. माकडांसाठी कोणत्याच अभ्यासक्रमात चौकट नाही.

या सात चौकटींचे खरे काम हेच आहे. त्या इंटरनेटचे चित्र नव्हेत. बिघाड शोधण्याची ती शिडी आहे. कोणत्या चौकटी प्रत्यक्षात आहेत, कोणत्या केवळ एका समितीच्या स्मृती म्हणून उरल्या आहेत आणि त्या का उरल्या, हे सांगायला वर्गात अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास वाचवून चाळीस प्रश्नांचा सराव करून घेतला, तर प्रमाणपत्र मिळते, यात शंका नाही. पण ते घेऊन नोकरीच्या पहिल्या दिवशी हा तरुण बंद पडलेल्या स्विचसमोर उभा राहतो, तेव्हा पाठ केलेले वाक्य वरून सुरू होते आणि काम खालून सुरू करायचे असते.

हरलेल्या संचाचे सगळेच अवशेष फळ्यावर उरलेले नाहीत. मोठ्या सेवापुरवठादारांच्या राउटरांत ‘आयएस-आयएस’ ही मार्ग ठरवण्याची पद्धत आजही चालते. ती मूळची ओएसआयची. याच घराण्यातील निर्देशिका-सेवेसाठी १९८८ मध्ये ‘एक्स.५०९’ या नावाने डिजिटल प्रमाणपत्राचा एक साचा ठरवण्यात आला. निर्देशिका-सेवा फारशी रुजली नाही, साचा मात्र राहिला. लंकेवरच्या एखाद्या सायबर कॅफेत बसून विद्यार्थी नेटवर्किंगच्या परीक्षेचा अर्ज भरतो, तेव्हा पान उघडण्यापूर्वी ब्राउझर समोरच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मागतो आणि तपासतो. ते प्रमाणपत्र त्याच साच्यातले असते.